बाण नसलेला हात

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भावोजींचा खोकला गेला असेल, आणि माझं पाकीट तू उभ्याउभ्याच फोडलं असशील. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. फोन असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तू आत्ता भावोजींना विचारते आहेस, मला इथून दिसतंय. फोनवर तू जिंकतेस, म्हणून. मी वाक्य सुरू करते, तू ते पुरं करतेस, त्याला उत्तरही देतेस आणि पुढच्या विषयाकडे वळलेली असतेस. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. म्हणजे येईल, पण मला ऐकू येणार नाही.

इकडे सगळं ठीक. माझं टेबल खिडकीपाशी हलवलं. उजेड आता डावीकडून येतो, त्यामुळे हाताची सावली कागदावर पडत नाही. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, देव जाणे. टेबल उचलायला नवऱ्याने हात लावला आणि मग दिवसभर कमरेवर हात ठेवून घरात फिरला, जसं काही जहाज ओढून आणलंय.

तुझ्या कोटाचं अस्तर खालच्या शिंपीकाकांनी बदलून दिलं. ताई, तू कधी नीट बघितलंयस? कापड कापायच्या आधी ते कात्री हवेत चालवतात. कच, कच. मग कापडाला लावतात. मी विचारलं, "काका, हे कशाला?"

"काय कशाला?"

"कात्री हवेत चालवलीत ना आत्ता."

"मी? छे!" म्हणाले आणि लगेच पुन्हा चालवली. मग आम्ही दोघंही कात्रीकडे बघत राहिलो, तिनेच काही केल्यासारखं.

हे तुला का सांगतेय ते सांगते. जरा दम धर.

पाणी गाळायच्या यंत्राचं, मी चित्रं काढलेलं ते सूचनापत्रक आठवतंय ना? त्याला कंपनीकडून छोटी दुरुस्ती आली आणि मी ती करून दिली, असं तुला सांगितलं होतं. दुरुस्ती छोटी नव्हती. तू तेव्हा गोदामात माल लावून घेत होतीस, फोन उचलत नव्हतीस, म्हणून कंपनीच्या साहेबांनी थेट मला फोन केला.

"मॅडम, चौथ्या चित्रात हात काय करतोय?"

"झाकण बंद करतोय."

"ते तिसऱ्यात झालं. चौथ्यात नुसता झाकणावर ठेवलाय. बाण पण नाहीये."

मी चित्र समोर घेतलं. खरंच. ना फिरवतोय, ना दाबतोय, ना उचलतोय. झाकणावर तळवा टेकलेला, बोटं जराशी उचललेली.

"थोपटतोय," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे ग्राहकाने थोपटायचं आहे का? तसं असेल तर किती वेळा, ते लिहावं लागेल."

मी माफी मागितली, चित्र वगळलं, पुढच्याला चारचा आकडा दिला. पण ते वगळलेलं चित्र मला फेकवेना. ताई, तो हात तुझा होता. तू काहीही बंद केलंस की वरून एकदा थोपटतेस. कपाट, डबा, प्रवासाची बॅग. झालं हं तुझं, असं सांगितल्यासारखं. झाकणं उघडणारे, स्क्रू पिळणारे, नळ्या जोडणारे इतके हात मी काढले. हाताला वय नको, अंगठी नको, नखं नकोत, तो कोणाचाच नसला पाहिजे, हे मला तूच शिकवलंस. त्या चित्रातही नखं नव्हती, अंगठी नव्हती. तरी तुझाच हात. तो तिथे आला कसा हे मला अजूनही कळलेलं नाही, आणि ते कळून घ्यायचं आहे.

तेव्हापासून खूळच लागलंय म्हण. औषधाच्या दुकानातली बाई गोळ्यांची डबी देण्याआधी कानाशी हलवून बघते. बँकेतला माणूस शिक्का उचलला की त्याच्यावर फुंकर घालतो, मगच मारतो. आमचे हे घरातून निघताना कुलूप ओढून बघतात, दोन पायऱ्या उतरतात, वर येतात, पुन्हा ओढतात आणि असे बघतात की संशय कुलपानेच घेतला होता. वरच्या मजल्यावरच्या आजी दिवा बंद केल्यावर बटणावर बोट तसंच ठेवून उभ्या राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "एकदम सोडलं तर घाबरतो."

"कोण, दिवा?"

"मग काय, मी?"

यातलं काहीच आपल्या पत्रकात येत नाही. यायचं कारणही नाही, याने झाकण लागत नाही की दिवा विझत नाही. मग माणसं हे का करतात? कोणाकडून उचलतात? मी शिंपीकाकांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, वडील कात्री आधी कपाळाला लावायचे. मला हे सगळं काढायचं आहे. नुसते हात, बाण नसलेले, पण प्रत्येक कोणाचा तरी. त्याचं पुस्तक होईल, असं वाटतं. कोण छापेल ते माहीत नाही. शाळेत आठवड्यातून दोन सकाळी चित्रकला शिकवायचं बोलून आले आहे. नवरा म्हणाला, "कमी पडलं तर मी कमी जेवेन," आणि त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं.

म्हणजे मला आपलं काम सोडायचं आहे. कमी करायचं नाही, सोडायचं. फावल्या वेळात कर की, असं तू म्हणशील. करून बघितलं गं. दिवसभर कोणाचेच नसलेले हात काढले की संध्याकाळी शिंपीकाकांचा हातही तसाच उतरतो, गुळगुळीत. बोटांना सवय लागली आहे, ती माझं ऐकत नाहीत.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, ते. या महिनाअखेरीला तू गोदामाची नोकरी सोडणार आहेस. यंत्रवाल्यांचं वर्षाचं कंत्राट मिळालं की तू कंपन्या सांभाळायच्या, मी हात काढायचे, दोघींनी एका खोलीत बसायचं. तू खोली बघितलीस. पडदे कुठले लावू विचारलंस, आणि मी पिवळे म्हटलं. पिवळे म्हणताना मला माहीत होतं की मी त्या खोलीत बसणार नाही.

राजीनामा देऊ नकोस, ताई. माझ्या भरवशावर तरी देऊ नकोस.

पत्र टाकायला मी स्वतःच जाते आहे, नाहीतर ते टेबलावरच राहील.

तुझीच,
उंदरी

ता. क. एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी मागे ठेवलं. कंत्राटासाठी साहेबांचा फोन गेल्या आठवड्यातच आला होता. ताईशी बोला, असं म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणून टाकलं. दोघींच्या वतीने.


२३ नोव्हेंबर

शहाणे,

पत्र पोचलं. भावोजींचा खोकला गेलेला नाही. तुझ्या पत्राने तो वाढला, कारण ते हसत होते. मी नव्हते.

राजीनामा मी महिनाअखेरीला देणार होते, पण दिला दहा तारखेलाच. तुला खोलीची किल्ली देऊन चकित करायचं होतं. घे, दोघी चकित झालो. तू साहेबांना नाही म्हणालीस, त्यानंतर मी तो कागद दिला. मधे एक फोन केला असतास तर? तू त्या फोनऐवजी टेबल हलवत होतीस.

तेव्हा रागावलेली आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे "ताई काहीच बोलली नाही" म्हणायला नको. काम सोडलंस याचा राग नाही. हात तुझे आहेत, काय काढायचं ते तू ठरव. पण माझं "नाही" तू कोणाला विचारून दिलंस? दोघींच्या वतीने बोलायचं काम माझं. इतक्या वर्षांत तू ते एकदाच केलंस, आणि तेही दार लावून आलीस.

आणि थोपटते म्हणे! भावोजींना विचारलं, तर म्हणाले, "नाही बुवा, कधी बघितलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा भरला, झाकण लावलं, तर ओरडले, "हे बघ, आत्ता! आत्ता केलंस!" तेव्हापासून मला धड काही बंद करता येत नाही. हात मधेच थांबतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते. हा उपद्व्याप तुझा. आपली आई असं करायची का, हे मात्र मला आठवत नाही. तुला आठवतं?

गोदामाचे मोठे साहेब भले आहेत. त्यांनी माझा राजीनाम्याचा कागद पुढे न पाठवता खणात ठेवला होता. "बाई, सोमवारपर्यंत विचार करा, मन बदललं तर फाडून टाकू." रविवारी मी त्या खोलीत एकटीच जाऊन बसले. खुर्ची एकच आहे. बसून खूप वेळ तुला शिव्या घातल्या. त्या संपल्यावर विचार केला, उद्या कागद फाडला तर काय? तर पुन्हा पेट्या. पेट्यांशी भांडता येत नाही गं. मला भांडायला आवडतं, मुदत वाढवून घ्यायला आवडतं, "बाण डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे?" असं विचारून मोठमोठ्या माणसांना गप्प करायला आवडतं. ते मी तुझ्यासाठी करते, असं इतके दिवस समजत होते.

सोमवारी साहेबांनी कागद फाडायला धरला. मी म्हटलं, राहू द्या.

यात तुझा काही संबंध नाही, तेव्हा लगेच डोळे पुसत बसू नकोस. यंत्रवाल्या साहेबांना फोन केला. म्हटलं, माझ्या बहिणीने तिचं सांगितलं, आता माझं ऐका. वर्षाचं कंत्राट गेलं ते गेलंच. तीन महिने बघू म्हणाले. एक चित्रकार बाई मिळाल्या आहेत. स्क्रू सुरेख काढतात, हात मात्र फुगवलेल्या मोज्यांसारखे. शिकतील. नाही शिकल्या तर मी तीन महिन्यांनी रस्त्यावर, आणि तेव्हाही तुला बोलावणार नाही. पडदे निळे लावले. पिवळा मला कधीच आवडला नव्हता.

पत्र आल्यावर आठवडाभर मी तुला फोन केला नाही, तो रागाने नव्हे. नंबर काढायचे आणि सुरुवात काय करावी ते कळायचं नाही. आपण दोघी कामाशिवाय शेवटचं कधी बोललो? आई दवाखान्यात होती तेव्हा म्हणावं, तर तू तिच्या उशाशी बसून कपडे धुण्याच्या यंत्राच्या दाराचं चित्र काढत होतीस, आणि मी बाहेर उभी राहून कंपनीकडे मुदत मागत होते. आई कशी आहे, हे आपण एकमेकींना विचारलं का? विचारलं असेल. मला आठवतं ते दार.

येत्या रविवारी तुझ्याकडे येते. पिशवीत नमुना नाही, कागद नाही, दुरुस्ती नाही. नुसतीच येते. आपण बसून काय बोलणार, मला खरंच माहीत नाही. कदाचित अर्ध्या तासात संपेल आणि तुझा नवरा आपल्याला हवापाण्याचं विचारत बसेल. पण ते काम बाजूला केल्यावर तू कोण उरतेस, हे बघायची मला या वयात उत्सुकता लागली आहे. तूही माझ्याकडे बघून ठेव.

राग अजून आहे. तो घेऊनच येते.

तुझी,
आता फक्त ताई