नांगर लागलाच नव्हता

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. थोरली बहीण म्हणून लिहावा लागतो, उगाच फुशारू नकोस. मी बरी आहे. तुझंही झकास चाललंय, हे पेपरातल्या फोटोवरून कळलं. हेल्मेट शोभतं तुला. समुद्राचं पाणी कधी लागलेलं नाही, म्हणून चकाकतंही छान.

गेल्या उन्हाळ्यात तू एकदाच आमच्या तपासणीच्या बोटीवर आलास आणि बादलीत तोंड घालून बसलास. ओकाऱ्यांतून उसंत मिळाली तेव्हा मी तुला पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं होतं. बेटाला वीज नेणारी केबल, आपल्या दोघांहून वयाने मोठी. खालची वाळू वाहून गेलेली, केबल खडकावर घासतेय, वरच्या पोलादी तारा गंजून झडलेल्या. म्हटलं, "वीज कंपनीचा साहेब तू, पुरवठा बंद कर, एवढा तुकडा बदलून घेऊ."

तू रुमालाने तोंड पुसत म्हणालास, "ताई, आधी माझ्या नव्या इमारतीचं उद्घाटन होऊ दे. इतकी वर्षं टिकली, अजून टिकेल."

गेल्या आठवड्यात केबल नेमकी तिथेच तुटली. आणि तू कॅमेऱ्यांसमोर बिनदिक्कत सांगितलंस, मच्छीमाराचा नांगर लागला! त्या दुपारी खवळलेल्या पाण्यात आईच्या शेजारच्या मिशीवाल्याची एकच बोट दिसली, म्हणून तोच तुला सापडला. बोट जप्त. घरात बसून आहे बिचारा.

तो तशा पाण्यात का निघाला, हे विचारावंसं वाटलं तुला?

तुझ्या-माझ्या आईला घेऊन निघाला होता. बेटावरची वीज गेली, तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. ओठ निळे पडले होते. शेजारधर्म म्हणून त्याने तिला उचललं आणि पलीकडे इस्पितळात पोचवलं. मी तुला फोन केला, तर तुझा माणूस म्हणाला, "साहेब मुलाखत देताहेत."

आई वाचली. हे आधीच लिहायला हवं होतं, पण इतकी चांगली बातमी तुला द्यायला हात होईना.

उद्या चौकशीत मी त्या दिवशीचं चित्रीकरण दाखवणार आहे, केबलचंही आणि बोटीवरचंही. बादलीसकट तू त्यात आहेस. हे पत्रही मी लिहिलं नसतं. आईच म्हणाली, "आधी त्याला कळव, मग काय सांगायचं ते सांग. मिशीवाल्याची बोट सुटली पाहिजे."

मी विचारलं, "भेटायला बोलावू त्याला?"

तिने भिंतीकडे तोंड केलं.

तुझीच, नाइलाजाने,
ताई