गुलाबी अळंबीविषयी एक दुरुस्ती

हौसाबाई दादू चाळके, तुम्हाला मी कधी ‘आई’ म्हटले नाही. समोर असताना नुसते ‘तुम्ही’ म्हणून भागवले आणि पत्र लिहायची वेळ आली की पाकिटावर लिहितात तसे पूर्ण नाव लिहिले. आजही तेच करतो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. तुमची मुलगी, माझी पत्नी, गेल्या श्रावणात गेली. गेलेली माणसे पुढे कुठे एकमेकांना भेटतात यावर माझा विश्वास नाही. परंतु जाण्यापूर्वी चार दिवस तिने तुम्हाला एक गोष्ट सांगायचे ठरवले होते आणि ती गोष्ट खरी नाही. ती तशीच तुमच्यापर्यंत जावी हे मला सहन होत नाही, म्हणून लिहितो.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते. पाटणकडच्या तुमच्या डोंगरातून दोन एस.टी. बदलून तुम्ही सांगलीला आला होता आणि पदराखाली पळसाच्या पानांत बांधलेले गाठोडे होते. मी कुपवाडच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून घरी येतो, तर स्वयंपाकघरात तुम्ही दोघी जमिनीवर बसलेल्या आहात आणि मध्ये परातीत ती अळंबी पसरली आहे. लहान मुलीच्या झग्याच्या झालरीसारखी, भडक गुलाबी. तुमची मुलगी हसते आहे, तव्यावर कांदा परतते आहे, सांगते आहे की शिजली की हिचा रंग पार जातो, म्हणून आधी डोळे भरून बघून घ्या. मी बूटही काढले नव्हते. बुरशीतला असा रंग विषाची खूण असतो, एवढे मी ऐकून होतो. खरे-खोटे कधी तपासले नव्हते. तरीही पदवीधर माणसाच्या ठाम आवाजात मी ते सांगितले. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “पावणं, आमच्यात आणणारानंच पयला घास घ्यायचा आसतो. मी खाते आदी. उद्या सकाळी जित्ती दिसले तर तुमी खावा, न्हाईतर माझ्या नावानं जेवणावळ घाला.” मी हसलो नाही. परात उचलली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत स्वतः रिकामी करून आलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुम्ही परत गेलात. त्यानंतर तुम्ही तांदूळ आणलात, नाचणी आणलीत, अळंबी कधी आणली नाहीत. आमच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि त्याला मी माझ्या म्हणण्याची मान्यता समजत आलो.

मागच्या पावसाळ्यात मिरजेच्या डॉक्टरांनी, तुमच्या मुलीला आता घरीच ठेवा, असे सांगितले. तिला अन्न जात नव्हते. लग्नानंतर मी तिची भाषा सुधारली होती, ‘हाय’चे ‘आहे’ करवून घेतले होते. त्या आठवड्यात ती पुन्हा तुमच्यासारखी बोलू लागली. एका सकाळी म्हणाली, आईची अळंबी खावीशी वाटते. शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी तुमच्या गावी निघालो. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी मला घरामागच्या चढावर वठलेल्या आंब्यापाशी नेले. खोडावर ती होती, झालरीवर झालर. ठरलेली जागा सोडून दुसरीकडची कुठलीही घ्यायची नसते, असे त्या म्हणाल्या. ह्या खोडावरची त्या स्वतः दरवर्षी खातात, तुम्हीच त्यांना ते दाखवले होते. त्यांनी डबा भरून दिला. तुमच्या घराच्या किल्ल्याही हातात ठेवल्या, म्हणाल्या, पोरगी बरी झाली की घेऊन या, आईच्या घरात दोन दिवस राहील. मी किल्ल्या घेतल्या.

कऱ्हाडच्या स्थानकावर गाडी बदलताना मी डबा उघडून पाहिला. आणि माझे धैर्य संपले. तिचे आता चारच दिवस उरले आहेत हे मला कुठे ठाऊक होते. त्यातला एकही माझ्या हाताने कमी होऊ नये, एवढेच मनात होते. मी डबा स्थानकामागे रिकामा केला. सांगलीत उतरून बाजारातल्या पांढऱ्या मशरूमचे पाकीट घेतले. आकार ओळखू येऊ नये म्हणून हाताने त्यांच्या चिंध्या केल्या, कांदा-लसणाची चटणी घालून परतल्या. शिजल्यावर रंग जातो, हे तिनेच मला सांगितलेले होते. मी त्याचा उपयोग केला.

ताट पुढे ठेवले तेव्हा तिने हात लावला नाही. म्हणाली, “आणणारानं आदी.” मी घास घेतला, चावला, गिळला, दुसराही घेतला. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग म्हणाली, “एवढं बिनघोर खाल्लंत?” तेव्हा मला कळले. इतकी वर्षे जो माणूस त्या पदार्थाला भ्याला, त्याचा हात थोडा तरी थबकायला हवा होता. मी मान खाली घातली. तिने ताट ओढून घेतले आणि तीन घास खाल्ले, सावकाश. तोंड पुसल्यावर म्हणाली, “लय चांगली झालीया. आईला सांगीन, पावण्यांनी जाऊन आणली म्हणून.”

हौसाबाई, ती आणली नव्हती. तिला ते माहीत होते. माझी लाज राखण्यासाठी तिने तुमच्याशी खोटे बोलायचे पत्करले. तो दोष तिला लावू नका.

परवा तुमच्या गावी गेलो होतो. तिची एक साडी तुमच्या ट्रंकेत ठेवली, घर झाडले. आंब्याचे खोड पुन्हा गुलाबी झाले आहे. जाऊबाई म्हणाल्या, करून घालते, दोन घास खाऊन जावा. आता माझ्या जिवाची काळजी करणारे कोणी नाही. मला स्वतःलाही ती फारशी वाटत नाही. तरीही मी पोट बरे नसल्याचे सांगितले. पोट बरे होते. हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एवढे लिहिता आले. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले आणि किल्ल्या जाऊबाईंना परत दिल्या.