एकच बेडूक

५ जानेवारी

चि. चिमणीस आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लावून वाच. माझी शाळा तिसरीत संपली, तुझी संपायचं नाव घेत नाही. गुडघे सोडले तर मी बरी आहे. घर बरं नाही.

सुतारकामाच्या कारखान्यात तुझा बाप गिऱ्हाइकासमोर तुझ्या काकाला, माझ्या धाकट्याला, म्हणाला, तू केलेली चौकट वाकडी आहे. होतीही वाकडी, सूतभर. धाकट्याला झोंबलं. तो म्हणाला, वाक तुझ्या नजरेत आहे. मग तुझ्या बापाने रंधा आपटला, धाकट्याने वीज बंद केली. आता कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी आहे. दोन सुतारांनी बांधली आणि तीही वाकडीच.

खरी काळजी पुढेच आहे. आपल्या यहुद्यांच्या प्रार्थनाघरात मोजून दहा पुरुष उरलेत, या दोघांना धरून. दहा नसतील तर गेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही, हे तुला मी काय सांगायचं. वीस तारखेला तुझ्या आजोबांचा स्मरणदिन. धाकटा म्हणतो, दादा असेल तिथे मी पाय ठेवणार नाही.

तुझ्या पोथ्यांत भांडणावर औषध असलं तर कळव. लोभ आहेच, पुरवून वापर.

तुझी आजी

९ जानेवारी

ती. आजीस चिमणीचा आदरपूर्वक नमस्कार, वि. वि.

औषध सापडलं! सध्या आमच्या धर्मग्रंथाच्या वर्गात बेडकांच्या पीडेचा पाठ चालू आहे. तुला ठाऊकच आहे, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो आपल्या लोकांना गुलामीतून सोडेना, म्हणून देवाने त्याच्या देशावर बेडूक धाडले. आपले जुने टीकाकार म्हणतात, मिसरच्या नदीतून आधी एकच बेडूक वर आला. लोकांनी त्याला बडवलं. प्रत्येक फटक्यासरशी त्यातून नवे बेडूक निघाले आणि भट्टीत, अंथरुणात, पिठाच्या परातीत शिरले. आमच्या बाई विचारतात, मारलं की वाढतात हे डोळ्यांना दिसत होतं, मग लोक थांबले का नाहीत? त्या म्हणतात, पीडेचा अर्थच तो. रागात माणसाला सगळं कळतं, फक्त हात थांबत नाही. देवाने एकच पाठवला, बाकीचे लोकांनी स्वतः केले. दुसऱ्या एका टीकाकाराला हे पटत नाही. तो म्हणतो, पहिल्याने हाक दिली आणि बाकीचे धावून आले.

आजी, हे बाबांना आणि काकांना वाचून दाखव. दोघं वेडे नाहीत. आजोबांसाठी तरी ऐकतील.

माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे, ही विनंती.

तुझी चिमणी

१४ जानेवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

औषध पाजलं. आधी भिंतीच्या अलीकडे बसून वाचलं, मग पलीकडे जाऊन. तुझ्या बापाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, पोरीने बरोब्बर ओळखलं, काठी कायम त्याच्याच हातात असते. धाकटा म्हणाला, पुतणी गुणाची, बापाला चांगलं सुनावलं. दोघांनाही पटलं गं, हेच तर वाईट झालं.

संध्याकाळी तुझा बाप भिंतीवरून ओरडला, पोथी कळली का रे मिसऱ्या? तिकडून उत्तर आलं, कळली, फारोसाहेब. मग दोन्ही सुनांनी माहेरी कळवलं. तुझा तो दुसरा टीकाकारही खरा ठरला: हाक गेली आणि व्याही धावून आले. आता तुझा बापही म्हणतो, तो येणार नसेल तर मीच काय म्हणून जाऊ? आधी नऊ होणार होते, आता आठ.

तुझ्या बाईंना सांग, अर्थ अगदी बरोबर आहे. कळल्यावर पुढे काय करायचं, तेही कुठे लिहिलंय का बघा म्हणावं.

तू येऊ नकोस. आलीस तर दोघं तुलाच विचारतील, तू नक्की कुणाला बोललीस.

जीव सांभाळ, मलाही थोडा ठेव.

तुझी आजी

२१ जानेवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

कालचं मीच कळवते, नाहीतर दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकशील.

सकाळी दोघांच्या दारात जाऊन आले. पाया पडायचीच बाकी राहिले. एक म्हणाला, आधी तो निघू दे. दुसरा म्हणाला, आधी तो निघू दे. एका आईची पोरं, शब्दसुद्धा तेच.

प्रार्थनाघरात आठच जण आले. म्हातारा शिंपी दम लागलेला असूनही जिना चढून आला. बराच वेळ सगळे दाराकडे बघत बसले. शेवटी मी बायकांच्या बाकावरून म्हटलं, दोघांच्या जागी मला धरा, दोघांना मीच जन्म दिलाय. शिंपी हळूच म्हणाला, आजीबाई, बाई मोजणीत येत नाही. मग आठांनी प्रार्थनेच्या शालींच्या घड्या केल्या. तुझ्या आजोबांची प्रार्थना राहिली. उरलेले आता गावाबाहेरच्या मोठ्या प्रार्थनाघरात जाणार. आपलं बंद.

बाहेर आले तर तुझा बाप आणि धाकटा रस्त्याच्या दोन कडांना उभे. इस्त्रीचे कपडे, डोक्याला टोपी. दुसरा आत शिरतो का, ते बघत होते. तिथे उभं राहून आम्ही तिघांनीही कुलूप लागताना ऐकलं.

तुझ्यावर राग नाही. अधूनमधून दोन ओळी टाकत जा.

तुझी आजी