न वाचलेलं सातवं पुस्तक

१२ जून
प्रिन्सिपॉल मॅडमना आजच यादी हवी होती. ‘पुरस्कारप्राप्त विज्ञान कादंबऱ्या : वाचायलाच हव्यात अशा दहा’. कॉलेजच्या नोटीसबोर्डावर, खाली माझं नाव आणि ‘ग्रंथपाल’. दहांतल्या तीन वाचलेल्या. बाकी सातांवर मागच्या कव्हरावरून दोन-दोन ओळी. सातवी : मंगळाकडे निघालेल्या यानातल्या आई आणि मुलीची गोष्ट. त्यापुढे ‘मन प्रसन्न करणारा शेवट’. हे कुठून सुचलं, देव जाणे. तीस वर्षं पुस्तकांत गेली, एवढं चालतं.

१९ जून
यादीचं फार कौतुक. मुली फोटो काढून नेतात. मॅडम स्टाफपुढे म्हणाल्या, वाचावं तर असं. मी हात जोडले. पुण्याच्या नणंदेला फोटो पाठवला. वहिनी एवढं कधी वाचता, असं तिनं विचारलं. नुसता हसरा चेहरा पाठवला.

२ जुलै
रेवती आली. केमिस्ट्री लॅबमधली, पापनाशम गावाहून रोज बसनं येते. जानेवारीत तिची मुलगी तापानं गेली, नऊ वर्षांची. त्यानंतर आज पहिल्यांदा लायब्ररीत. बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “अक्का, इथून खूप लांबचं काहीतरी द्या. बसमध्ये वाचायला.” मी वाचलेली तिन्ही कुणी ना कुणी नेलेली. सातवं दिलं. शेवट बरा आहे ना, विचारलं तिनं. हो म्हटलं. अगदी सहज.

९ जुलै
फिजिक्सची एक मुलगी काउंटरवर म्हणाली, मॅम, सातवं फोनवर वाचलं, त्यातली छोटी मुलगी इतक्या लवकर मरते, मी रडले.
हातातला शिक्का तसाच राहिला.
लॅबमध्ये गेले. रेवती दोन दिवस रजेवर. कारण कुणाला माहीत नाही. फोन करायचं धाडस झालं नाही.

११ जुलै
फोनवर विकत घेऊन दिवसभर वाचलं. मुलगी चौथ्या प्रकरणात जाते. तापानंच. पुढे पुस्तकभर आई तिच्याशी बोलत राहते. बस, एवढंच. शेवट प्रसन्न वगैरे काही नाही.
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हटलं. हे आणखी एक खोटं.
घरात सगळे तमिळच वाचतात, देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. म्हणून निदान इथे तरी खरं...

१४ जुलै
रेवती आली. पुस्तक टेबलावर ठेवलं. मी माफीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण तीच आधी बोलली. घरच्यांनी मुलीचा फोटो काढून ठेवलाय, नाव कुणी घेत नाही. चौथं प्रकरण बसमध्ये आलं, तशी ती मध्येच उतरली आणि कालव्याच्या काठावर बसून राहिली. मग दोन दिवस रजा घेऊन नवऱ्याला सगळं इंग्रजी पुस्तक तमिळमध्ये सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडून मुलीचं नाव आलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा.
“मुद्दाम दिलंत ना, अक्का? दुसऱ्या कुणाला धीर झाला नसता.”
मी मान हलवली. हो अशी.

१५ जुलै
झालं ते बरंच झालं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ती एकटी कालव्यावर बसली होती. सध्या पाणी काठोकाठ आहे.
बोर्डावरची यादी काढली. मुलींनी विचारलं तेव्हा म्हटलं, वेळापत्रकाला जागा हवी होती.

२१ जुलै
रेवतीनं रविवारी घरी बोलावलंय. तिच्या नवऱ्याला भेटायचंय, पुस्तक ज्यांनी निवडलं त्यांना. फोटो पुन्हा भिंतीवर लागलाय म्हणे. आता पुढचं कोणतं वाचू, असंही विचारत होती. सांगते म्हटलं.

२६ जुलै, रवि.
पापनाशमला जाऊन आले. दोन वेण्यांतली मुलगी, फोटोला ताजा हार. पायसम, म्हणजे खीर, केलं होतं. तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो, शांत माणूस. खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाला, सगळे आम्हाला देवाची पुस्तकं देत होते, तुम्ही हे दिलंत. वाचताना कुठल्या पानावर वाटलं, की रेवतीला हेच द्यावं?
खोटं तयार होतं. शेवटचं पान म्हटलं असतं तरी चाललं असतं. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.
“तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं,” मी म्हणाले. “न वाचताच लिहिलं होतं. न वाचताच दिलं.”
रेवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. आत गेली. मग त्यानं विचारलं, बस किती वाजता आहे.
रेवती थांब्यापर्यंत आली, माझ्या एक पाऊल मागे. माफ कर म्हणायचं होतं, पण ते तिच्यासाठी की माझ्या सुटकेसाठी, कळेना. बस सुटली तरी ती उभीच होती. खिडकीवर ऊन होतं, चेहरा नीट दिसला नाही.
उद्या सोमवार. लॅबला जायचा तिचा रस्ता लायब्ररीच्या दारावरूनच जातो. थांबेल की पुढे जाईल, कळेल.