तळघरातले हिरवे डबे

प्रिय मॅरेन,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा कसे आहेत, आणि मी "बरे आहेत" म्हणून बर्फाबद्दल बोलत बसले. फोन ठेवल्यावर कळेना, की मी तुझ्याशी खोटं बोलले की खरं. सकाळी ते कॉफीचा कप हातात धरून विचारतात, "याचं काय करायचं असतं?" आणि दुपारी शेजारच्या व्हर्लिनच्या पिकअपचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते अचूक सांगतात. मी यातल्या कुठल्या रॉइसशी संसार करतेय, तूच सांग.

डॉक्टरीणबाईंनी हिवाळा लागतानाच बजावलं होतं, घरातली शस्त्रं आधी हलवा. बंदुका व्हर्लिन घेऊन गेला. बाबांनीच एकेक पुसून त्याच्या हातात दिली, म्हणून मला वाटलं, सुटलो. पण तळघरातली काडतुसं तशीच होती. सैन्याने मोडीत काढलेले ते हिरवे पत्र्याचे डबे, झाकणाला रबर, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, वर बाबांच्या हस्ताक्षरात साल. रोज न्याहारी झाली की ते खाली जायचे आणि मला हाक मारायचे. "आर्डिथ, इकडे ये, शिकून घे. थंड आणि कोरडं, बस्स. डबा सिमेंटवर टेकवायचा नाही, खाली फळी हवीच. आणि तेलकट हात लावशील तर खबरदार! तेल आत झिरपलं की दारू मेली म्हणून समज." तळघरात त्यांना माझं नाव बरोबर आठवायचं. वर आलं की मी कोण, याचा घोळ सुरू. मग ते तळघर कसं गं बंद करायचं मी?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काडतुसंही नकोत. व्हर्लिन म्हणाला, "बंदुकीशिवाय काडतूस म्हणजे पितळेचा खडा. राहू दे, माणूस रमतोय ना?" मी दोघांनाही मान डोलावली. मग एक दिवस मी लाकडं घेऊन मागच्या दाराने आले, तर हे स्वयंपाकघरातली कपाटं उघडून रायफल शोधत होते. कोटाचा खिसा काडतुसांनी भरलेला. मला बघून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आत थांबा. अंगणात कोणीतरी फिरतंय." मॅरेन, अंगणात मीच होते.

ते न्हाव्याकडे गेले त्या दिवशी व्हर्लिनने सगळी काडतुसं उचलली. डबे हलके लागू नयेत म्हणून मी त्यांत राजमा भरला. व्हर्लिन खो खो हसत म्हणाला, "आर्डिथ, तो इतकाही विसरलेला नाही हं." दुसऱ्या दिवशी मी जिन्यात उभी राहून बघत होते. बाबांनी डबा उघडला. मूठभर राजमा घेतला, नाकाशी नेला, हळूच परत सोडला. पुडी जागेवर ठेवली, झाकण घट्ट लावलं. दुसरा डबा, तेच. तिसऱ्याला मान वर करून विचारलं, "आर्डिथ, ही कुठल्या बंदुकीची?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुपाच्या पातेल्याची." आणि हा माणूस हसत सुटला! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, पायरीवरच बसला. मीही शेजारी बसून हसले, मग रडले, की आधी रडले, ते आठवत नाही. त्यांना फसवणूक कळली होती का? कळली तर रागावले कसे नाहीत? आणि नसेल कळली, तर हसले कशाला? तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. टेस रांगायला लागली तेव्हा तू म्हणाली होतीस, तळघर रिकामं झाल्याशिवाय माझी मुलगी या घरात पाऊल टाकणार नाही, आणि बाबा म्हणाले होते, "मग नको आणूस." त्यानंतर या घरात तुझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवर, डोळे पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता मॅरेनला कळव. म्हणावं, खाली घाबरण्यासारखं काही उरलं नाही. पोरीला घेऊन ये." रात्रीच्या जेवणाला मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "कोण मॅरेन?" पायरीवर ते स्वतः बोलले, की त्यांच्यातलं दुसरंच कोणी, मला ठरवता येत नाही, आणि खरं सांगू, आता ठरवायचंही नाही. तू आलीस तर तुला ओळखतील असं वचन मी देऊ शकत नाही. पण बोलावलंय त्यांनी. टेसला घेऊन ये, बाई. लवकर ये.

तुझीच, गोंधळलेली
आई