लाल मोटारीच्या टाकीचं झाकण

गोंदिया, ९ डिसेंबर १९५३

शेठची लाल, उघडी, दोन सीटची रेसची मोटार आज मी दुरुस्त केली! मी, त्यांच्याच धानगिरणीचा फिटर.

दोन-तीन मैल गेली की ती बंद पडायची, थोड्या वेळाने पुन्हा चालायची. नागपूरचा मिस्त्री म्हणाला, पूर्ण इंजिन खोला. मी म्हटलं, मी पाहतो. शेठ म्हणाले, "बिगाडली तं उद्यापासून गिरणीत येऊ नको." तरी हात घातला. काऊन घातला, देव जाणे.

ठिणगी चांगली, पेट्रोलची नळीही साफ. आज शेठ चालवत होते, मी बाजूला. आमच्या मुर्री गावाजवळ बंद पडली, तेव्हा सहज टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत ओढली गेली. झाकणाचं बारीक छिद्र नव्या रंगाने बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. हे आधी काऊन नाही सुचलं? टाचणीने छिद्र मोकळं केलं, बस्स. तो फुस्स अजून कानात आहे.

शेठ उतरले. "चल, अब तू चला."

मुर्रीच्या खळ्यावर माझी बायको धान झोडपत होती. मी हॉर्न वाजवला. ती मोटारीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "अन् हिचं छप्पर कायले काढलं तुमी? थे बी लावून द्या ना!"