मावशी बेपत्ता आहे

प्रिय खारुताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, नुसती रडतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या सरांनी साऱ्या वर्गासमोर तुझ्या पोस्टरला 'बेपत्तांचं पत्रक' म्हणायला नको होतं. पण खरं सांगू? पोस्टरवर मी नसते, तर मीही हसले असते.

'शहरातला एकटेपणा' हा विषय घेऊन तू माझा फोटो काढायला आलीस, तेव्हाच मी म्हटलं होतं, एकटेपणा माझ्याकडे नाही, वरच्या मजल्यावर विचार. तू ऐकतेस कसली! खिडकीपाशी बसवलंस आणि वर "मावशी, हसू नकोस गं!" कॅमेरा दिसला की ताठ बसून हसायचं, हे शाळेत सिस्टरांनी आमच्या हाडात मुरवलेलं. न हसण्याच्या नादात मी दाढ दुखत असल्यासारखी दिसले. तोच चेहरा दाराएवढा करून तू आमच्या लिफ्टशेजारी आणि बसथांब्यावर लावलास. खाली तुझा फोन नंबर. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप, ते 'तुमच्या शेजारी कोण एकटं आहे?' हे वाक्य मुंगीच्या पायाएवढं, तेही पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात! शेवटच्या बाकावरून वाचता आलं नाही तर ते लिहिलेलंच नाही, असं सिस्टर म्हणायच्या. तू म्हणालीस, हल्ली असंच असतं.

मग लोकांनी काय समजावं? एवढा मोठा दुःखी चेहरा आणि खाली नंबर. बाई हरवली!

बेकरीवाल्याने तर माझं मनगटच धरलं. "आजी, घाबरू नका, घरचे शोधतायत तुम्हाला." आजी म्हणे! स्वतःच्या डोक्यावर एक केस काळा नाही. कंडक्टर मला बसमधून उतरू देईना. मी पत्ता पिनकोडसकट सांगितला, तर म्हणतो, "बिचारीकडून पाठ करून घेतलाय." तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, इतकी वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे, मला माझ्याच दारापर्यंत सोडायला आले. "सापडल्या हो!" असा तुला फोन केला आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी जागेवर आहे ना, बघायला. आता बेकरीवाल्याची बायकोही संध्याकाळी डोकावते, आणि ती नि डॉक्टर मिळून माझ्यासमोरच माझ्या विसराळूपणाची चर्चा करतात. कपाटातले चांगले कप काढावे लागले. तुझे काका गेल्यापासून मी एकच कप बाहेर ठेवला होता, धुवायला सोपा. या लोकांपायी दुपारची झोप मोडते, फार वैताग येतो. काल डॉक्टर आले नाहीत, तेव्हा मी दोनदा दार उघडून पाहिलं. बिजागरी कुरकुरते का, ते.

रविवारी येऊन तू दोन्ही पोस्टरं काढणार आणि ठळक अक्षरांची लावणार म्हणालीस. बसथांब्यावरचं खुशाल बदल, सरांना तेच दाखव, वर्गात पहिली ये. लिफ्टशेजारचं मात्र राहू दे, एवढंच सांगायला हे पत्र. ते वाक्य मोठं झालं की सगळ्यांना कळेल, मी हरवलेली नाही, नुसती एकटी आहे. आणि नुसत्या एकट्या बाईचं मनगट कोणी धरत नाही गं.

तुझीच,
अजून न सापडलेली
मावशी